ओव्हल–मरीन ड्राइव्ह निवासी वास्तुसमूह

दक्षिण मुंबईतील ओव्हल मैदानाची पश्चिम कड आणि मरीन ड्राइव्ह (अधिकृत नाव : नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग) यांच्या दरम्यान, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर, मुख्यत्वे १९३० ते १९५० या दोन दशकांत उभारलेला आधुनिक शैलीतील निवासी इमारतींचा समूह. जवळजवळ समान उंचीच्या, एका रेषेत बसविलेल्या सदनिका-इमारतींच्या लांबलचक ओळी हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय. ओव्हलच्या पूर्व कडेवरील एकोणिसाव्या शतकातील नवगॉथिक सार्वजनिक वास्तू आणि पश्चिमेकडील या इमारती यांचा समावेश युनेस्कोने ३० जून २०१८ रोजी बहारीनमधील मनामा येथील अधिवेशनात जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला. नोंदलेल्या क्षेत्रात एकूण ९४ इमारती असून त्याचे क्षेत्रफळ सु. ६६ हेक्टर आहे.

यातील एखादी इमारत वेगळी काढून पाहिली, तर ती विसाव्या शतकातील श्रेष्ठ वास्तूंत गणली जाईलच असे नाही. कित्येक इमारती बेतशीर, नेटक्या आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे सजविलेल्या, एवढ्याच योग्यतेच्या आहेत. परंतु मैदानाच्या मध्यभागी उभे राहून पश्चिमेकडे पाहिले असता, किंवा मलबार टेकडीवरून समुद्राच्या कमानीकडे नजर टाकली असता, जे दिसते ते एकेका इमारतीच्या गुणांची बेरीज करून मिळणारे नव्हे. या समूहाचे मोल त्याच्या ओळीत आहे. ती ओळ कशी निर्माण झाली आणि ती टिकविण्यात कोणत्या अडचणी आहेत, हे पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरते.

ओळीने घरे बांधण्याची पद्धत जुनी आहे. यूरोपात अठराव्या शतकात तिला नगररचनेतील एका कलाप्रकाराचे रूप आले. इंग्लंडमधील बाथ येथील ‘रॉयल क्रेसेंट’ (१७६७–७४) या अर्धवर्तुळाकार रचनेत तीस घरे एकाच दर्शनी भागाच्या आड उभी आहेत. धाकटा जॉन वुड या एकाच वास्तुशिल्पज्ञाने तो दर्शनी भाग रेखला व त्यामागे प्रत्येकाने आपापल्या सोयीप्रमाणे घर बांधून घेतले. मुंबईच्या ओळींची घडण याच्या उलट आहे. येथे भूखंड निरनिराळ्या मालकांनी घेतले, वास्तुशिल्पज्ञ निरनिराळे नेमले, इमारतींना नावेही आपापल्या हौसेप्रमाणे दिली. बहुतेक इमारतींच्या दोन्ही बाजूंना अरुंद मोकळी जागा असून भिंतीला भिंत लागलेली नाही. तरीही डोळ्यांना त्या एका हाताच्या वाटतात, याचे कारण सरकारी पट्ट्याच्या अटींत शोधावे लागते.

पार्श्वभूमी : मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील बॅकबे हा उथळ उपसागर भरून काढण्याची कल्पना प्रथम १८६० नंतरच्या कापूसतेजीत निघाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला होता आणि त्या पैशावर ‘बॅकबे रेक्लमेशन कंपनी’च्या शेअरांचा प्रचंड सट्टा चालला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व कंपनीही बुडाली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ समुद्र महर्षी कर्वे मार्गाच्या (पूर्वीचा क्वीन्स रोड) जवळपास येत होता. त्या किनाऱ्यालगत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ चर्चगेटवरून कुलाब्यापर्यंत जात असत.

योजनेला पुन्हा चालना मिळाली ती जॉर्ज लॉइड हे मुंबईचे गव्हर्नर (१९१८–२३) असताना. १९२० मध्ये स्वतंत्र विकास खाते स्थापन झाले आणि ११४५ एकर जमीन आठ खंडांत भरून काढण्याचा बेत ठरला. समुद्रतळाचा गाळ उपसून भराव घालण्याचे यंत्रसाहाय्यित काम अपेक्षेच्या कितीतरी मागे पडले, खर्च वाढत गेला आणि खुर्शेद नरिमन यांनी विधिमंडळात व वृत्तपत्रांतून या कारभारावर कडाडून टीका केली. योजनेतील हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर भरलेला अब्रुनुकसानीचा खटला नरिमन यांनी जिंकला. अखेर योजना आखडती घेण्यात येऊन चार खंडांतील ४३९ एकरच जमीन तयार झाली व तीतील मोठा भाग लष्कराकडे गेला. ज्या नरिमनांनी या भरावाचे वाभाडे काढले, त्यांचेच नाव पुढे ओव्हलकडून मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या रस्त्याला आणि भरावाच्या दक्षिण टोकाला मिळाले, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

१९३० च्या अखेरीस चर्चगेट–कुलाबा लोहमार्ग बंद करण्यात आला आणि रूळ काढून टाकण्यात आले. ओव्हलच्या पश्चिमेची जमीन त्यामुळे मोकळी झाली आणि मागील भरावाशी जोडली गेली. जागतिक मंदीचा तो काळ होता. व्यापार व गिरण्या यांत पैसा घालण्यास धनिक कचरत होते. पोलाद, सिमेंट व मजुरी स्वस्त होती. चांगल्या वस्तीतील भाडे हे उत्पन्नाचे भरवशाचे साधन वाटू लागले. व्यापारी, विमा कंपन्या व काही संस्थानिक यांनी भूखंड पट्ट्याने घेऊन इमारती बांधल्या, त्या मुख्यतः भाड्याने देण्यासाठी. घराची विक्री मालकी हक्काने करण्याची पद्धत मुंबईत तेव्हा रूढ नव्हती. ही बाब पुढील काळाच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली.

ओळीची रचना : विकास खात्याने आखलेल्या नकाशात रस्ते, भूखंडांची मापे व मोकळ्या जागा निश्चित होत्या. इमारत रस्त्यापासून किती मागे घ्यावी, भूखंडाचा किती भाग व्यापावा, किती मजले चढवावेत यांबद्दलच्या अटी पट्ट्याबरोबरच येत. परिणामी तळमजला आणि त्यावर चार-पाच मजले ही उंची सर्वत्र ठरून गेली व गच्च्यांची एक अखंड आडवी रेषा तयार झाली. मरीन ड्राइव्हलगतच्या भागात समुद्राकडून आत जाणाऱ्या समांतर गल्ल्यांना ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी नुसती अक्षरनामे मिळाली, ती अद्याप प्रचारात आहेत. ओळींच्या अधेमधे सार्वजनिक वास्तूंनाही जागा मिळाली. चर्चगेट स्थानकासमोरील इरॉस चित्रपटगृह (१९३८) हे ओव्हलच्या ओळीचे उत्तरेकडील टोक सांभाळते, तर ब्रेबर्न क्रीडांगण (१९३७) दोन ओळींच्या मधल्या भागात आहे.

ओव्हलची रचना विशेष लक्षणीय आहे. मैदानाच्या पूर्वेस कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग आणि पश्चिमेस महर्षी कर्वे मार्ग, अशी दोन शिक्षणमहर्षींची नावे आज त्याला कडेने लाभली आहेत. पूर्वेकडे जुने सचिवालय (१८७४), विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४), ग्रंथालय व राजाबाई मनोरा (१८७८) आणि उच्च न्यायालय (१८७८) या वास्तू दगडी, टोकदार कमानींच्या, कोरीव व गंभीर आहेत. पश्चिमेकडे तेवढ्याच लांबीची ओळ सिमेंटची, गिलाव्याची, आडव्या रेषांची व फिकट रंगांची. मध्ये क्रिकेटची खेळपट्टी. एका बाजूला राज्यसत्तेने स्वतःसाठी बांधलेली कार्यालये आणि समोर साठ वर्षांनंतर नागरिकांनी स्वतःसाठी बांधलेली घरे असा हा सामना आहे. कोणत्याही एका वास्तुशिल्पज्ञाने तो योजलेला नाही.

शैली व घटक : या शैलीस आज ‘आर्ट डेको’ म्हणतात. पॅरिस येथे १९२५ मध्ये भरलेल्या आलंकारिक कलांच्या प्रदर्शनाच्या नावावरून ही संज्ञा निघाली असली, तरी ती सर्वत्र रूढ झाली १९६० नंतर. ज्यांनी ही घरे बांधली, त्यांच्या लेखी ती केवळ ‘मॉडर्न’ होती. कडवे आधुनिकतावादी अलंकरण वर्ज्य मानीत, आर्ट डेकोने ते भौमितिक करून घेतले. मुंबईच्या इमारतींत दोन्ही प्रवृत्ती एकाच भिंतीवर आढळतात. आराखडा, सलोह काँक्रीटचा सांगाडा, उजेड व वारा यांविषयीची दृष्टी आधुनिक आहे, तर प्रवेशद्वारावरील उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी, थिजलेल्या कारंज्याची आकृती, पायऱ्यापायऱ्यांनी उंचावणारा माथा ही आर्ट डेकोची देणगी होय.

दर्शनी भागाची घडण साधारणतः अशी असते : मध्यभागी जिन्याचा उभा पट्टा असून त्यात वरपर्यंत जाळीची किंवा काचेची खिडकी असते. हा पट्टा गच्चीच्या वर थोडा उंच काढून त्यावर ध्वजस्तंभ बसवितात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सज्जे असतात व कोपऱ्याच्या भूखंडावर ते गोलाई घेऊन वळतात. खिडक्यांवरून काँक्रीटचा पातळ छज्जा एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत धावत जातो. सज्ज्याच्या कठड्यावर दोन-तीन समांतर आडव्या रेषा उठविलेल्या असतात, त्या आगगाडी, मोटार व आगबोट यांच्या वेगाच्या निदर्शक मानल्या जात. गोल खिडक्या, नळीचे कठडे व डेकसारखे सज्जे यांत आगबोटीची आठवण स्पष्ट आहे. परदेशी जाणे-येणे बोटीनेच होण्याचा तो काळ होता आणि बोट ही स्वच्छ, आटोपशीर, यंत्रयुगीन निवासाचा आदर्श समजली जाई. इमारतीचे नाव दर्शनी भागावर खास वळणाच्या उठावदार अक्षरांत लिहिलेले असे. राजब महाल, शिवशांती भुवन, कोर्ट व्ह्यू, एम्प्रेस कोर्ट या नावांच्या पाट्या वाचीत गेले, तरी त्या काळच्या मुंबईची मिश्र अभिरुची ध्यानात येते.

या घटकांपैकी छज्जा आणि सज्जा यांचा विचार केवळ शोभेच्या दृष्टीने करणे चुकीचे होईल. मरीन ड्राइव्हच्या इमारतींचे तोंड पश्चिमेला आहे. दुपारनंतरचे ऊन आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर येणारा पाऊस दोन्ही त्यांच्यावर थेट आदळतात. खोल सज्ज्यामुळे खोलीची मुख्य भिंत सावलीत राहते, पावसाचा झोत कठड्यापाशी अडतो आणि खिडकी उघडी ठेवता येते. सलग छज्जा भिंतीवरून ओघळणारे पाणी झटकून टाकतो. यूरोपातील त्याच काळातील सपाट, पांढऱ्या भिंतींची घरे मुंबईत जशीच्या तशी आणली असती, तर पहिल्याच पावसाळ्यात ती काळवंडली असती. आयात झालेली शैली येथील हवामानाने अशी वाकवून घेतली, आणि नेमक्या त्या वाकलेल्या जागाच या इमारतींतील सर्वांत देखण्या आहेत.

अंतर्भाग : सदनिका हा प्रकारच तेव्हा मुंबईला नवा होता. चाळीत एका लांब सामाईक गॅलरीवर खोल्या उघडत आणि नळ व शौचकूप मजल्याला मिळून असत. उच्चवर्गीयांसाठी बंगला होता. या दोहोंच्या मधली, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप असलेली, एका दाराआड पूर्ण होणारी जागा मराठी मध्यमवर्गाच्या बोलीत ‘ब्लॉक’ या नावाने आली. ओव्हल व मरीन ड्राइव्ह येथील सदनिका प्रशस्त होत्या. दर्शनी बाजूस दिवाणखाना व सज्जा, मध्ये निजण्याच्या खोल्या, मागे स्वयंपाकघर, अशी मांडणी असे व नोकरांसाठी मागील बाजूस वेगळा जिना ठेवलेला असे. प्रवेशदालनात रंगीत मोझॅकची किंवा संगमरवराची फरशी, नक्षीदार लोखंडी जाळीचे उद्वाहक आणि लाकडी कठड्याचा जिना आढळतो. जातीपातींनुसार वसलेल्या जुन्या शहरात ही वस्ती भाडे देण्याच्या ऐपतीनुसार वसली, हा सामाजिक बदलही दुर्लक्षिण्याजोगा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची त्यात भर पडली.

वास्तुशिल्पज्ञ : एकोणिसाव्या शतकातील मुंबई मुख्यतः लष्करी अभियंत्यांनी व इंग्रज वास्तुशिल्पज्ञांनी घडविली. या ओळी प्राधान्याने भारतीयांनी रेखाटल्या. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या वास्तुकला विभागातून शिकलेली पहिली मोठी पिढी याच सुमारास व्यवसायात उतरली होती. विद्यार्थ्यांच्या एका छोट्या संघटनेतून वाढलेल्या व्यावसायिक संस्थेला १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे नाव मिळाले. या संस्थेने १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवून विजेची उपकरणे, नवे फर्निचर व सुटसुटीत स्वयंपाकघर यांचा परिचय लोकांना करून दिला. सिमेंट कंपन्यांनीही पुस्तिका काढून काँक्रीटच्या घरांचा हिरिरीने प्रचार केला. मास्टर, साठे व भुता, सुवर्णपत्की व व्होरा, ग्रेगसन, बॅटली व किंग यांसारख्या संस्था या काळात प्रसिद्धीस आल्या.

या सर्वांत गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२–७३) यांचे काम वेगळे उठून दिसते. मुंबईत शिक्षण घेऊन व लंडनमध्ये पुढील अभ्यास करून ते परतले आणि त्यांनी शहरात मोठ्या संख्येने निवासी इमारती रचल्या. वीर नरिमन मार्ग जेथे मरीन ड्राइव्हला मिळतो, त्या कोपऱ्यावरील सूना महाल (१९३७) ही त्यांची सर्वपरिचित कृती. दोन रस्त्यांच्या कोनात सापडलेल्या भूखंडावर त्यांनी कोपरा गोल केला, सज्ज्यांचे पट्टे दोन्ही बाजूंना वळविले आणि मध्यभाग मनोऱ्यासारखा उंचावला. त्यामुळे ओळ तेथे संपते असे न वाटता वळण घेऊन पुढे जाते असे वाटते. ओव्हलवरील एम्प्रेस कोर्ट हीदेखील त्यांचीच रचना. म्हात्रे यांचे खरे कौशल्य मात्र आराखड्यात होते. दादर–माटुंग्याच्या लहान भूखंडांवरही खोलीला दोन बाजूंनी वारा कसा मिळेल, सज्जा कोठे उपयोगी पडेल, याचा विचार त्यांनी तितक्याच काळजीने केला. समुद्रकाठच्या श्रीमंत ओळींमुळे त्यांचे नाव झाले असले, तरी मराठी मध्यमवर्गाच्या राहणीवर अधिक परिणाम त्यांच्या व त्यांच्या समकालीनांच्या या साध्या घरांचा झाला.

मरीन ड्राइव्हच्या ओळीत कपूर महाल, झवेर महाल व केवल महाल (१९३७–३९) या लागोपाठच्या तीन इमारती आरंभीच्या बांधकामांपैकी होत. महायुद्ध सुरू झाल्यावर सिमेंट व पोलाद यांची टंचाई निर्माण होऊन बांधकामे मंदावली. उरलेले भूखंड चाळिशीत भरले गेले. नंतरच्या इमारतींत अलंकरण कमी होत गेलेले दिसते. मुंबईत मायामीच्या खालोखाल आर्ट डेको इमारती आहेत असे वारंवार लिहिले जाते. असा क्रम काय मोजावे यावर अवलंबून असतो व त्याला फारसा अर्थ नाही.

संरक्षण : या इमारती जुन्या मानल्या जाण्याआधीच त्यांच्या शेजारी नवे संकट उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात भरावाचे काम पुन्हा हाती घेण्यात आले आणि नरिमन पॉइंट येथे उंच कार्यालयीन मनोरे झाले. २३ मजली एअर इंडिया इमारत (१९७४) त्यांपैकी एक होय. मरीन ड्राइव्हच्या कमानीचे दक्षिण टोक त्यामुळे एकदम उंचावले. गच्च्यांची रेषा तुटली म्हणजे काय होते, हे मुंबईकरांना त्यामुळे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

बृहन्मुंबईसाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल १९९५ मध्ये वारसाविषयक विनियम लागू केले. शहरातील वास्तूंची यादी करून त्यांना महत्त्वानुसार तीन श्रेणी देणे, एकेकट्या वास्तूंबरोबरच संपूर्ण परिसरालाही संरक्षण देणे आणि बदलांच्या प्रस्तावांवर वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेणे या त्यांतील मुख्य तरतुदी. परिसराचे संरक्षण ही कल्पना ओव्हल व मरीन ड्राइव्ह यांच्या दृष्टीने कळीची ठरली. कारण दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीतही न बसणारी एखादी साधी इमारत पाडून तिच्या जागी वीस मजले चढविले, तर नुकसान तिच्या दोन्ही बाजूंच्या सर्व इमारतींचे होते. विकास नियंत्रण नियमावलीतील २०१८ च्या फेरबदलांतही वारसाविषयक तरतुदी कायम राहिल्या. स्थानिक रहिवाशांच्या संघटनांनी ओव्हल मैदानाची निगा राखण्यात व पुढे युनेस्कोकडील प्रस्तावाच्या कामात पुढाकार घेतला. भारताने २०१२ मध्ये हे स्थळ संभाव्य यादीत घातले व सहा वर्षांनी ते मान्य झाले. नवगॉथिक व आर्ट डेको या दोन भिन्न शतकांच्या शैली एकमेकींसमोर ठेवून एकच स्थळ म्हणून मांडण्याची कल्पना या यशाला कारणीभूत झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

भाडे आणि दुरुस्ती : कायद्याने इमारत पाडण्यास मनाई करता येते, ती सुस्थितीत राहील याची हमी त्यातून मिळत नाही. मुंबईत या प्रश्नाचे मूळ भाडेनियंत्रणात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना आधार देण्यासाठी केलेला हा तात्पुरता उपाय मुदतवाढ मिळत मिळत अर्धशतक टिकला. ज्या इमारती केवळ भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधल्या होत्या, त्यांचे उत्पन्न बांधणीनंतर लवकरच गोठले. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. घर सोडताना नव्या भाडेकरूकडून पागडी घेण्याची प्रथा मात्र सर्वत्र बोकाळली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात भाडी अशी गोठवून ठेवणे अवाजवी ठरविले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. ही वाढ जुन्या, अत्यल्प भाड्यावर मोजली जात असल्याने सळ्या गंजलेल्या इमारतीच्या दुरुस्तीला ती पुरी पडत नाही.

आणखी एक विसंगती येथेच दिसते. शहर बेटातील जुन्या भाडोत्री इमारतींवर १९६९ च्या अधिनियमानुसार दुरुस्ती उपकर बसविण्यात आला आणि बांधकामाच्या काळानुसार त्यांचे वर्ग पाडले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात आल्या. अशा उपकरप्राप्त इमारती पाडून पुन्हा बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्राचे प्रोत्साहन पुढे मिळू लागले. म्हणजे भाडे गोठविणारी तारीख आणि पाडण्यास उत्तेजन देणारी तारीख एकच, आणि ती नेमकी या ओळी उभ्या राहिल्यानंतर लगेच येणारी. एका नियमाने जी वास्तू जपावयाची, तिचीच जमीन दुसऱ्या नियमाने अधिक मोलाची केली. वारसा यादीतील मालकांना दुसरीकडे वापरता येणारे हस्तांतरणीय विकासहक्क देण्याची तरतूद ही या ओढाताणीवरचा उतारा म्हणून केलेली आहे.

काँक्रीटचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय दुरुस्तीची निकड उमगत नाही. ताज्या काँक्रीटमधील अल्कधर्मी द्रव्यांमुळे आतील सळईवर संरक्षक थर राहतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड सावकाश आत शिरून हा धर्म कमी करतो, तर समुद्रवाऱ्याबरोबर येणारे क्लोराइड क्षार संरक्षक थर थेट भेदतात. गंजलेली सळई मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगते आणि तिच्यावरील काँक्रीटचा पापुद्रा फोडून बाहेर ढकलते. तीसच्या दशकात हे ज्ञान फारसे रूढ नव्हते. सळईवर काँक्रीटचे आवरण बेताचेच ठेवले जाई. सर्वांत आधी फुटतात ते पातळ छज्जे आणि बाहेर झेपावलेले सज्जे, म्हणजे ज्यांनी ही शैली मुंबईची केली ते घटक. त्यांची घाईने केलेली दुरुस्ती बऱ्याचदा रोगाहून वाईट ठरते. गोल कडा चौकोनी होतात, उठविलेल्या रेषा नव्या गिलाव्याखाली बुजतात, सुटलेला छज्जा परत न बांधता छाटून टाकला जातो. सज्जे काचा लावून खोलीत घेण्याची प्रवृत्ती, लाकडी व पोलादी खिडक्यांच्या जागी येणारी अ‍ॅल्युमिनियमची सरकती तावदाने, भिंतीबाहेर टांगलेली वातानुकूलन यंत्रे यांनी दर्शनी भाग हळूहळू परका होतो. काही इमारतींवर वाढीव मजलेही चढले आहेत. यांपैकी एकेक बदल क्षुल्लक वाटतो. ओळीत मात्र शेजारच्याची नक्कल लवकर होते.

इतर देशांतही अशाच अडचणी आल्या आहेत. बर्लिनमधील सहा आधुनिक गृहवसाहती २००८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. त्यांपैकी ब्रुनो टाउट व मार्टिन वाग्नर यांनी रचलेल्या नालाकार वसाहतीत ओळीतली घरे व्यक्तींना विकली गेल्यावर दारे-खिडक्यांचे मूळ रंग व मापे यांच्या नोंदी करून त्या घरमालकांना उपलब्ध करून देण्यात आल्या. लंडनमधील नीव्ह ब्राउन यांची अ‍ॅलेक्झांड्रा रोड वसाहत ही काँक्रीटची पायऱ्यापायऱ्यांची लांब ओळ १९७८ मध्ये पूर्ण झाली आणि १९९३ मध्ये, अवघ्या पंधरा वर्षांत, संरक्षित झाली. तेल अवीव येथील ‘श्वेत नगरी’ २००३ पासून जागतिक वारसा आहे. तेथे काही संरक्षित इमारतींवर मर्यादित वाढीव मजल्यांना परवानगी देऊन दुरुस्तीचा खर्च भागविला जातो. हा शेवटचा उपाय मुंबईस लागू करणे धोक्याचे आहे. तेल अवीवची घरे झाडांच्या रस्त्यांवर विखुरलेली असून एक मजला वाढला तरी तो पानांआड जातो. ओव्हलसमोर लपण्यास जागा नाही.

ओव्हल व मरीन ड्राइव्ह यांच्या बाहेर याच शैलीच्या शेकडो इमारती दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, महंमद अली मार्ग व वांद्रे या भागांत विखुरलेल्या आहेत. मुंबई सुधार न्यासाने (स्थापना १८९८) आखलेल्या दादर–माटुंगा योजनेतील हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी व परिसर यांतही पट्ट्याच्या अटींनी ओळ घडविली आहे. तेथील सज्जे लहान, नक्षी मोजकी व जिने साधे. या इमारती जागतिक वारशाच्या सीमेबाहेर असून त्यांतील बहुसंख्य भाडोत्री व उपकरप्राप्त आहेत. पुनर्विकासाचा वेगही तेथेच सर्वाधिक असून अनेक ठिकाणी दोन जुन्या इमारतींमध्ये एक उंच मनोरा असे दृश्य दिसते. छायाचित्रे, मोजमापे व आराखडे यांची नोंद हाच त्यांपैकी पाडल्या गेलेल्या घरांचा उरलेला पुरावा होय.